दुभाष्याच्या नावाने शिष्यवृत्ती: अमेरिकेत सांकेतिक भाषा शिकणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्मृतिनिधी कसा उभारावा

एखादा माणूस गेला की अमेरिकेत आठवड्याभरात देणग्या गोळा करणाऱ्या गोफंडमी या संकेतस्थळावर पान उघडतं आणि बघता बघता त्यावर काही हजार डॉलर जमतात. अंत्यविधीचा खर्च भागला की कुणीतरी म्हणतं, ‘त्यांच्या नावाने एक शिष्यवृत्ती ठेवू.’ सगळे माना डोलावतात, आणि मग वर्षभर तो पैसा कुणाच्या तरी खात्यात नुसता पडून राहतो.

वॉशिंग्टन डीसीच्या आसपास, कर्णबधिरांसाठीच्या गॅलॉडेट विद्यापीठामुळे, कर्णबधिर माणसं आणि त्यांचे दुभाषी हे शेजारी नाहीतर सहकारी म्हणून नेहमी भेटतात. मेरीलँड आणि व्हर्जिनियात मराठी मंडळीही भरपूर. अशाच एका कृष्णवर्णीय दुभाषी सहकाऱ्याच्या पश्चात निधी उभारायचं ओळखीतल्या मराठी घरांनी मनावर घेतलं. मी अशा शिष्यवृत्तीचे अर्ज वाचणाऱ्या समितीवर असल्यामुळे फोन माझ्याकडे आले. फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलेलं इथे सलग लिहितो. मी वकील नाही; करारनाम्यावर सही करण्याआधी त्या त्या राज्यातला वकील गाठाच.

पहिलं काम: गळती कुठे होते ते बघा

बहुतेक लोक सुरुवात रकमेपासून करतात. सुरुवात करायला हवी ती विद्यार्थी कुठे अडतो इथून.

अमेरिकन सांकेतिक भाषेचा, म्हणजे एएसएलचा दुभाषी व्हायचा नेहमीचा रस्ता असा. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा किंवा विद्यापीठात चार वर्षांचा दुभाषी-प्रशिक्षण अभ्यासक्रम. शेवटच्या टप्प्यात प्रत्यक्ष कामाचा सराव, बहुतेक ठिकाणी बिनपगारी. मग प्रमाणपत्राची परीक्षा. या क्षेत्रातली राष्ट्रीय संस्था म्हणजे रजिस्ट्री ऑफ इंटरप्रिटर्स फॉर द डेफ, तोंडी आरआयडी. ती १९६४ साली इंडियानातल्या मन्सी इथे स्थापन झाली. ऐकू येणाऱ्या उमेदवाराला तिचं राष्ट्रीय प्रमाणपत्र हवं असेल तर २०१२च्या मध्यापासून बॅचलर पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. परीक्षा कॅस्ली ही वेगळी संस्था घेते: आधी ज्ञानाची, मग प्रत्यक्ष कौशल्याची. टेक्सासची बीईआय नावाची स्वतःची परीक्षा आहे. शाळेत दुभाषी म्हणून काम करायचं तर ईआयपीए ही परीक्षा. तिचे गुण ० ते ५ या मापात मिळतात आणि बऱ्याच राज्यांत ३.५ किंवा ४ च्या खाली असाल तर शाळेत उभं राहता येत नाही.

म्हणजे दोन वर्षांचा कोर्स संपला तरी दुभाषी तयार होत नाही. आधी पदवी पुरी करायची आणि मग परीक्षा पास व्हायची. हा मधला काळ अनेकांच्या बाबतीत काही वर्षं चालतो. शैक्षणिक कर्ज असेल तर कॉलेज सुटल्यावर सहा महिन्यांत हप्ते सुरू होतात. प्रमाणपत्र नाही म्हणून रुग्णालयाचं, कोर्टाचं चांगल्या पैशांचं काम मिळत नाही. काम नाही म्हणून हात बसत नाही, आणि हात बसला नाही म्हणून परीक्षा लांबते. ज्याच्या घरी आधार आहे तो हा काळ काढतो. ज्याच्या घरी नाही तो गोदामात किंवा कॉल सेंटरमध्ये नोकरी धरतो आणि हळूहळू या व्यवसायातून निघून जातो. आरआयडीच्या वार्षिक अहवालांत सभासदांची वांशिक आकडेवारी छापलेली असते. त्यात गोऱ्यांचा वाटा प्रचंड आणि कृष्णवर्णीयांचा अगदी थोडा, असं चित्र वर्षानुवर्षं दिसतं.

तरीही अशा शिष्यवृत्त्या पहिल्या वर्षाच्या फीसाठीच दिल्या जातात. फोटो छान येतो म्हणून असेल. माझं ठाम मत असं की छोटा निधी फीसाठी घालवू नये. फीसाठी केंद्र सरकारची पेल ग्रँट आहे, राज्याची मदत आहे, कर्ज आहे. परीक्षेच्या फीसाठी, परीक्षाकेंद्रापर्यंतच्या प्रवासासाठी, अनुभवी दुभाष्याकडून तासाच्या दराने मिळणाऱ्या मार्गदर्शनासाठी आणि बिनपगारी सरावाच्या सत्रात बुडणाऱ्या मजुरीसाठी सहसा कुणीच पैसे देत नाही.

समजा तुमच्याकडे एका विद्यार्थ्यासाठी ३,००० डॉलर आहेत. माझी वाटणी अशी असेल: १,२०० सरावाच्या सत्रात, जेव्हा तो नोकरीचे तास कमी करतो. ८०० पदवीनंतरच्या मार्गदर्शनासाठी. उरलेले १,००० परीक्षेच्या फी आणि प्रवासासाठी, आणि पहिल्यांदा नापास झाला तरी दुसऱ्या प्रयत्नाला वापरता येतील अशा बेताने. हे शेवटचं वाक्य नियमात लिहून ठेवा, नाहीतर समितीतला कुणीतरी ‘नापासाला परत कशाला?’ म्हणतोच.

दुसरं: पैसा ठेवायचा कुठे

गणपतीची वर्गणी खजिनदाराच्या खात्यात ठेवतात तसं इथे करू नका. वैयक्तिक खात्यात जमलेल्या देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही आणि खातेदाराला उद्या आयआरएसला, म्हणजे इथल्या आयकर खात्याला, हिशेब देत बसावं लागतं.

पर्याय चार आहेत. पहिला, कॉलेजचं फाउंडेशन. दुभाषी-प्रशिक्षण जिथे चालतं त्या कॉलेजशी करारनामा करायचा. हिशेब, चेक, कराचे कागद सगळं ते बघतात. दुसरा, स्थानिक कम्युनिटी फाउंडेशन. एकाहून जास्त कॉलेजांतल्या मुलांना द्यायचं असेल तर हा बरा. तिसरा, आधीच ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्थेचा दर्जा असलेली एखादी संस्था तुमचा निधी आपल्या छत्राखाली घेते आणि साधारण ५ ते १० टक्के व्यवस्थापन खर्च कापते. चौथा, स्वतःची संस्था काढणं. त्यासाठी आयआरएसकडे फॉर्म १०२३चे ६०० डॉलर किंवा छोट्या अर्जाचे २७५ डॉलर भरावे लागतात, शिवाय राज्याची नोंदणी, संचालक मंडळ आणि दरवर्षीचं विवरणपत्र. सलग तीन वर्षं विवरणपत्र चुकलं तर करमुक्त दर्जा आपोआप जातो. ती संस्था खासगी फाउंडेशन ठरली तर शिष्यवृत्तीची पद्धत आयआरएसकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते. पन्नास हजारांच्या आतल्या निधीसाठी हा उपद्व्याप कुणी करू नये.

आपल्या आयटीतल्या मंडळींसाठी दोन सूचना. डोनर-ॲडव्हाइज्ड फंडातून, म्हणजे दानासाठी आधीच बाजूला ठेवलेल्या खात्यातून, थेट विद्यार्थ्याला पैसे देता येत नाहीत, कॉलेजच्या शिष्यवृत्ती निधीला देता येतात. आणि कंपनीचं मॅचिंग, म्हणजे तुमच्या देणगीइतकीच कंपनीने घातलेली भर, मिळवायचं तर निधी नोंदणीकृत संस्थेतच हवा. गोफंडमीच्या वैयक्तिक पानाला ते मिळत नाही.

तिसरं: कायम ठेव की संपवायचा निधी

नाव कायम राहावं म्हणून घरच्यांना अक्षयनिधी हवा असतो. त्यांना हे गणित कागदावर मांडून दाखवा. अनेक कॉलेजं अक्षयनिधीसाठी किमान २५,००० डॉलर किंवा त्याहून जास्त मागतात आणि वर्षाला साधारण ४ टक्केच खर्च करू देतात. म्हणजे वर्षाला १,००० डॉलर. तेच २५,००० पाच वर्षांत संपवले तर वर्षाला ५,०००, म्हणजे वरच्या वाटणीने एका विद्यार्थ्याचा पूर्ण टप्पा आणि दुसऱ्याचा अर्ध्याहून जास्त. मी संपवायच्या बाजूचा आहे. मधला मार्ग हवा असेल तर करारनाम्यात ‘पाच वर्षांनी शिल्लक आणि नवीन देणग्या मिळून किमान रक्कम भरली तर अक्षयनिधी करावा’ असं कलम घालता येतं.

चौथं: ‘फक्त कृष्णवर्णीयांसाठी’ असं लिहिता येतं का?

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि मराठी माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो. आपल्याकडे घटनेच्या १५(४) कलमाचा आधार असल्यामुळे शिष्यवृत्तीच्या जाहिरातीत प्रवर्गाचं नाव सरळ छापलेलं बघायची सवय असते. अमेरिकेत तसा आधार नाही, आणि गेल्या काही वर्षांत वारं उलट्या दिशेने वाहतंय.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेश देताना वंशाचा निकष वापरण्यावर बंदी आणली. निकाल प्रवेशांबद्दल होता, शिष्यवृत्त्यांबद्दल नव्हता; तरीही अनेक सरकारी विद्यापीठांनी वंशाची अट असलेल्या शिष्यवृत्त्या बंद केल्या किंवा त्यांची भाषा बदलली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने शिष्यवृत्त्यांनाही हाच नियम लावणारं पत्र काढलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मेरीलँडच्या फेडरल न्यायालयाने ते रद्द ठरवलं. पत्र गेलं तरी १९६४च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण आहेच, आणि केंद्राचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला ते लागू होतं.

‘मग खासगी संस्थेतून देऊ’ असं वाटेल. तिथे दुसरा कायदा आडवा येतो. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या लोकांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून १८६६ साली केलेला कायदा आज कलम १९८१ म्हणून ओळखला जातो. अटलांटाच्या फिअरलेस फंडाने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या व्यवसायांसाठी २०,००० डॉलरच्या अनुदानाची स्पर्धा ठेवली होती. ३ जून २०२४ रोजी अकराव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ती याच कायद्याचा बहुधा भंग करते असं म्हणून थांबवून ठेवली, आणि पुढे तडजोडीत स्पर्धा बंद झाली. ज्यांच्यासाठी कायदा केला त्यांच्याच मदतीच्या आड तो यावा, यावर काय बोलायचं! दुभाष्यांच्या जगालाही हे नवं नाही. २०२२ साली ब्रॉडवेवरच्या एका नाटकातून, आपण गोरे म्हणून आपल्याला बाजूला केलं, अशी तक्रार घेऊन एक गोरा दुभाषी फेडरल न्यायालयात गेला होता. ते प्रकरण आपसात मिटलं.

मग करायचं काय? निकष माणसाच्या वंशावर न ठेवता त्याच्या कामावर आणि ओढीवर ठेवायचे, आणि अर्जाची बातमी योग्य ठिकाणी पोचवायची. करारनाम्यासाठी हा मसुदा वापरून बघा:

*‘मान्यताप्राप्त दुभाषी-प्रशिक्षण अभ्यासक्रमात शिकणारे किंवा गेल्या तीन वर्षांत तो पूर्ण केलेले विद्यार्थी अर्ज करू शकतात. कृष्णवर्णीय कर्णबधिर समाजासोबत केलेलं काम, ब्लॅक एएसएलची जाण आणि पुढेही या समाजात काम करण्याची दाखवता येण्यासारखी बांधिलकी यांना प्राधान्य दिलं जाईल.’*

‘गेल्या तीन वर्षांत’ हे शब्द गाळू नका, नाहीतर परीक्षेच्या टप्प्यातला विद्यार्थी आपोआप बाद होतो. बातमी पोचवण्यासाठी नॅशनल ब्लॅक डेफ ॲडव्होकेट्स ही १९८२ पासूनची संस्था आणि तिच्या शाखा, नॅशनल अलायन्स ऑफ ब्लॅक इंटरप्रिटर्स, आणि कर्णबधिरांसाठी सेवा चालवणारी कृष्णवर्णीयांची चर्चेस. कृष्णवर्णीय दुभाष्यांतले कितीतरी जण चर्चमध्ये किंवा कर्णबधिर आईवडिलांच्या घरात घडलेत, कॉलेजच्या सूचनाफलकासमोर नाही.

अट काटेकोरपणे वंशाचीच हवी असा घरच्यांचा आग्रह असेल तर नागरी हक्कांचा वकील लावा आणि त्याची फी निधीतून नको, वेगळी काढा.

मसुद्यातली ‘ब्लॅक एएसएलची जाण’ म्हणजे काय

समितीतल्या प्रत्येकाला हे माहीत हवं, म्हणून जरा थांबतो. कृष्णवर्णीय कर्णबधिर मुलांसाठीची पहिली वेगळी शाळा १८६९ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली इथे निघाली. दक्षिणेत अशा शाळा पुढे शंभर वर्षं चालल्या. लुइझियानात तर १९७८ पर्यंत. खुद्द गॅलॉडेटच्या आवारातल्या केंडल शाळेत कृष्णवर्णीय मुलांना १९०५ पासून १९५२ पर्यंत जागा नव्हती. एका आईने, लुईस मिलर यांनी, इतर पालकांसह खटला जिंकला, तेव्हा मुलांना आवारात घेतलं, पण वेगळ्या इमारतीत. २०२३ साली गॅलॉडेटने त्या विद्यार्थ्यांची जाहीर माफी मागून त्यांना हायस्कूल डिप्लोमा दिले.

वेगळं ठेवलेल्या मुलांची भाषाही वेगळ्या वाटेने वाढली. कॅरोलिन मॅककॅस्किल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास केलाय. इतरत्र एका हाताने होणाऱ्या खुणा इथे दोन हातांनी होतात, हातांचा वावर मोठा असतो, आणि ‘माहीत आहे’सारखी खूण इतरांत गालाकडे सरकते ती इथे कपाळावरच राहते. मोठ्या हालचाली बघून नवखा दुभाषी बोलणाऱ्याला चिडलेला समजतो आणि आवाजात तो राग ओततो. डॉक्टर किंवा पोलीस समोर असताना असं झालं तर त्याची किंमत त्या कर्णबधिर माणसाला मोजावी लागते. अमेरिकेच्या १९९०च्या दिव्यांग कायद्याने पात्र दुभाषी मिळण्याचा हक्क दिलाय. पात्र कोण, याचं उत्तर शोधताना निवड समितीने हे लक्षात ठेवावं.

पाचवं: अर्ज

अर्ज दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. ओळख, अभ्यासक्रम, एक शिफारसपत्र, खर्चाचा अंदाज आणि एक निवेदन, पुरे. निवेदन लेखी किंवा एएसएलमधल्या व्हिडिओत, उमेदवाराच्या मर्जीप्रमाणे. कर्णबधिर विद्यार्थीही कर्णबधिर दुभाषी म्हणून प्रमाणपत्र घेतात, आणि इंग्रजी ही त्यांची पहिली भाषा असेलच असं नाही.

व्हिडिओच्या सूचनांत एक गोष्ट हमखास चुकते. दुभाष्याने हात उठून दिसावेत म्हणून त्वचेच्या रंगाला उठाव देणारा एकरंगी कपडा घालायचा असतो. बरेच फॉर्म सरळ ‘काळा शर्ट घाला’ असं छापतात. ते गोऱ्या हातांसाठी ठीक. सावळ्या-काळ्या हातांवर काळा शर्ट घातला की बोटं कापडात बुडतात, त्यात खोलीतला दिवा मागून येत असेल तर खुणा वाचताच येत नाहीत, आणि परीक्षक ‘अस्पष्ट’ म्हणून गुण कापतो. आमच्याकडे आलेल्या एका व्हिडिओत मुलगी मध्येच थांबली, उठून फिक्या राखाडी रंगाचा टॉप घालून परत बसली आणि तेच वाक्य पुन्हा केलं. दोन्ही तुकड्यांतला फरक बघून समितीतल्या एका बाईंनी सूचना तिथल्या तिथे बदलायला लावली. तुम्ही पहिल्यापासूनच लिहा: ‘तुमच्या त्वचेहून वेगळ्या छटेचा एकरंगी कपडा, समोरून प्रकाश, डोक्यापासून कमरेपर्यंत चौकट.’

खर्चाचा अंदाज मागताना कोरा तक्ता देऊ नका. ‘परीक्षा फी, प्रवास, मार्गदर्शन, सरावात बुडणारी मजुरी, मुलांना सांभाळण्याचा खर्च’ असे रकाने आधीच छापा. रकाना नसेल तर लोक तो खर्च मागायला लाजतात.

गुणांची सरासरी मागायची असेल तर मागा, पण किमान अट ४ पैकी ३.५ वगैरे ठेवून रात्रपाळी करून शिकणाऱ्याला दारातच अडवू नका.

सहावं: निवड समिती

पाच जण पुरेत. त्यांतले किमान दोन कृष्णवर्णीय कर्णबधिर असावेत, एक प्रमाणित कृष्णवर्णीय दुभाषी. घरच्यांपैकी एकच, आणि अध्यक्ष नको. देणगीदाराचा समितीवर ताबा असेल तर करसवलतच अडचणीत येऊ शकते. बैठकीला दुभाषी ठेवावे लागतील. त्यांचे पैसे निधीच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरा. समितीतल्याच दुभाष्याला ‘तूच जरा सांग ना’ म्हणणं वाईट, कारण मग तो मत देणार कधी? लांब बैठकीला एकाच्या ऐवजी दोन दुभाषी लागतात, आळीपाळीने.

सातवं: चेक कुणाच्या नावे

कॉलेजच्या नावे चेक दिला की हिशेब सोपा, पण एक धोका आहे. बाहेरून शिष्यवृत्ती आली म्हणून काही कॉलेजं आपली मदत तेवढ्याने कमी करतात. विद्यार्थ्याच्या हाती उरतं शून्य. मेरीलँडने २०१७ साली आपल्या सरकारी कॉलेजांच्या या सवयीला लगाम घातला, नंतर कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनीही. बाकी ठिकाणी चेक पाठवण्याआधी आर्थिक मदत कार्यालयाला लेखी विचारा: ‘ही रक्कम आल्यावर तुम्ही तुमच्या मदतीतला कोणता भाग कमी कराल?’ कमी करायचाच असेल तर आधी कर्जाचा भाग कमी करा, असं करारात घालता येतं.

कराचं: पदवीसाठी शिकणाऱ्याची फी, आवश्यक पुस्तकं, साहित्य यांवर खर्च झालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. राहणं, जेवण, प्रवास यांवरची करपात्र. पदवीनंतर दिलेली परीक्षेची रक्कमही बहुधा करपात्र धरली जाते. हे निवडपत्रातच सांगा. एप्रिलमध्ये कर भरताना कळून उपयोग नाही. कमी उत्पन्नाच्या दिव्यांगांना मिळणारा सरकारचा एसएसआय भत्ता घेणारा कर्णबधिर विद्यार्थी असेल तर जेवणखाण आणि घरभाड्यासाठी रोख देऊ नका, त्याचा महिन्याचा भत्ता कापला जाऊ शकतो. त्याच्या बाबतीत फी आणि परीक्षेचे पैसे थेट त्या संस्थेला भरा.

नाव, फोटो, घरचे

गेलेल्या माणसाचं नाव आणि सांकेतिक नाव, म्हणजे कर्णबधिर समाजात त्याला ओळखायची खूण, वापरायला घरच्यांची लेखी परवानगी घ्या. निकाल लागल्यावर विद्यार्थ्याने घरच्यांना पत्र लिहावं अशी सक्ती करू नये. बहुतेक जण आपणहून व्हिडिओ पाठवतात.

वर्षाचं वेळापत्रक

ऑगस्टमध्ये फॉर्म उघडा आणि शाखांना, चर्चना कळवा. नोव्हेंबरच्या मध्याला मुदत संपवा, कारण वसंत सत्राचा सराव जानेवारीत सुरू होतो आणि पहिला हप्ता तेव्हाच हवा. डिसेंबरच्या सुरुवातीला बैठक, त्याच आठवड्यात निवडपत्रं. दुसरा हप्ता पदवीनंतर, तिसरा परीक्षेची नोंदणी केल्याची पावती दाखवल्यावर. निकाल मागू नका, पावती पुरे. न निवडलेल्यांनाही दोन ओळी आणि पुढच्या वर्षीची तारीख जायलाच हवी. दुसऱ्या वर्षी अर्ज करणाऱ्यांत त्यांतले बरेच असतात, आणि तोवर त्यांचा सरावही झालेला असतो.